दोन झाडांची खूण: महाबळेश्वर ते ठाणे-कल्याण

महाबळेश्वरहून ठाण्या-कल्याणला कसं जायचं, वाटेत खायला काय मिळतं, गाडीवान कुठं अडवतात, असं पेठेतले लोक मला अजून विचारतात, कारण आमच्या आळीत तिकडे जाऊन आलेला मी एकटाच. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून हे एकदाचं लिहून काढतो आहे. ज्यांना रस्ताच हवा त्यांनी रस्ता तेवढा घ्यावा. मी का गेलो आणि काय घेऊन आलो हेही मधे मधे येईल, त्याला माझा इलाज नाही.

गेलो बायको करायला.

माझं नाव सखाराम. वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणतो, उन्हाळ्यात साहेबलोक वर आले की धंदा बरा चालतो. माझे वडील चिनी होते. आपले कैदी काळ्या पाण्यावर पाठवतात, तसे सरकार तिकडचे चिनी कैदी मलाक्का बंदराहून जहाजानं इकडे आणत असे. म्हणजे आपला ठाणे जिल्हा हेच माझ्या बापाचं काळं पाणी. ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना इथं वर आणलं, बटाटे लावायला आणि टोपल्या विणायला. सुटका झाल्यावर परत जायला ना जहाज ना पैसा, तेव्हा इथंच राहिले आणि मेढ्याकडच्या एका मजूर बाईशी संसार मांडला. ती माझी आई. मी बोट धरून चालत होतो तेव्हाच वडील तापानं गेले.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? मराठे कूळ विचारत, इतर लोक जात विचारत, पाद्रीसाहेब म्हणत आधी डोक्यावर पाणी घे मग बघू. आडनाव विचारलं की मी गप्प. तुरुंगात वडिलांना आफूक म्हणत, पण ते झालं हाक मारायचं नाव. गावात आम्ही नुसते ‘चिने’. ना घरचा ना घाटाचा म्हणतात तो मी, आणि तिशी जवळ आलेली.

मार्गशीर्षात रघोजी हवालदारांचा निरोप आला. हे आधी ठाण्याच्या तुरुंगात पहारेकरी होते, मग इथं होते, आता पेन्शन घेऊन ठाण्यात खोपट नावाच्या वाडीकडे राहतात. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. कल्याणला एक सुटलेला चिनी आहे, त्याची बायको तिथली आगरी, एकुलती मुलगी लग्नाची आहे, ताबडतोब निघून ये, असा निरोप. आई ऐकून आधी रडली आणि मग टोपली भरायला बसली. खण, गूळ, खोबऱ्याच्या वाट्या, मधाची बाटली. मी एक नवी कोरी टोपली पुढं केली तर तिनं ती बाजूला सारली आणि वडिलांच्या हातची, आढ्याला टांगून ठेवलेली काढली.

“ही ने. तळाची खूण बघितली की त्यास्नी कळंल, कुनाचा लेक हाय ते.”

खूण म्हणजे टोपलीच्या तळाच्या पट्टीवर तापल्या सळईनं डागलेली दोन झाडं, शेजारी शेजारी. वडील प्रत्येक टोपलीवर डागत. मीही डागतो. का डागतो ते कधी विचारलं नव्हतं. दुकानाची खूण, एवढंच मला ठाऊक.

आता रस्ता. पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला जावं. बैलगाडीचं भाडं वरच ठरवावं, घाटात ठरवायला गेलात तर गाडीवान म्हणेल ते द्यावं लागतं. वाईला घाटावरच्या धर्मशाळेत मुक्काम चांगला होतो. पाणी गोड आहे, डास नाहीत. तिथून खंबाटकी, शिरवळ आणि कात्रजचा चढ करून पुणं. हाडं खिळखिळी होतात. आजारी माणसानं आणि बाळंतिणीनं या वाटेनं जाऊ नये. शिरवळला मिळालेली भाकरी आणि पिठलं सोडलं तर या तीन मुक्कामांत लक्षात ठेवण्यासारखं पोटात काही गेलं नाही.

पुण्याला आगगाडी. तिसऱ्या वर्गात बाकाची बाजू मिळाली तर धरून ठेवावी. खंडाळ्याच्या पुढं घाटात एका जागी गाडी थांबते, पुढचं इंजिन सोडून मागं लावतात आणि गाडी उलटी निघते. आलो त्याच वाटेनं परत चाललो की काय असं वाटून माझ्या शेजारची म्हातारी देवाचा धावा करायला लागली. तिच्या मुलानं तिला समजावलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, “पाव्हणं, गाव कंचं म्हणायचं?”

“महाबळेश्वर.”

“ते झालं. त्याच्या आधीचं?”

त्याच्या आधीचं मलाच ठाऊक नव्हतं. कर्जतला उतरून केळी आणि फुटाणे घेतले, ते त्यालाही दिले.

गाडी कल्याणवरून पुढं ठाण्याला जाते. कल्याण खिडकीतून दिसलं, खाडीत उभी गलबतं आणि किनाऱ्याला भाताची पोती. इथंच माझी सोयरीक व्हायची आहे, म्हणून दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो. पण आधी रघोजींना घ्यायचं होतं, म्हणून ठाण्याला उतरलो. थंडीच्या देशातून जाणाऱ्यानं घोंगडी स्टेशनवरच गुंडाळून टाकावी. हवा दमट, अंगाला चिकटणारी. पलीकडं मिठागरं पांढरी दिसतात. खोपटाकडे शेतं आणि ताडाची झाडं, त्यांत रघोजींचं घर.

“आलास? चल, आदी तुला सासुरवाडीच्या आदीची जागा दावतो,” म्हणाले, आणि मला ठाण्याच्या किल्ल्याकडे घेऊन गेले. किल्ल्याचाच तुरुंग केलेला आहे. प्रवाशांनी मुद्दाम बघायला जावं असं तिथं काही नाही. उंच भिंत, बाहेर पहारा, आतून कसलासा ठोकण्याचा आवाज. रघोजी भिंतीच्या कोपऱ्यापाशी थांबले.

“हितं आत हौद हाय. जहाज आलं की त्यास्नी हितं बसवून डोकी भादरायची. त्यांची शेंडी किती लांब, ठावं हाय? पार कमरंपातुर. ती कापली की बाप्ये लेकरागत रडायचे. तुझा बा रडला न्हाई. त्यानं दोन दिस अन्न घेतलं न्हाई.”

“तुम्ही कापलीत?”

“मी धरून ठिवला व्हता,” रघोजी म्हणाले. “हुकूम व्हता बाबा.”

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी ते आपणहून सांगताहेत याचं बरंही वाटलं. माझ्या वडिलांविषयी मला माहिती देणारा जगात दुसरा माणूस नव्हता. आडनाव ठाऊक आहे का विचारलं, तर ते म्हणाले, हजेरीला आम्ही आफूक म्हणून वराडायचो आन तो ‘हाय’ म्हनायचा, बाकी कोन इचारतंय. रात्री त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट जेवलो. डासांनी झोपू दिलं नाही.

सकाळी कल्याणला गेलो. स्टेशनपासून बंदरापर्यंत चालतच जावं, वाटेत बाजार लागतो, तांदूळ आणि गूळ दोन्ही स्वस्त. आसेंगबाबांचं घर बंदराच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. आसेंगबाबा हे मुलीचे वडील. कुडाचं घर, पुढं भाजीचे वाफे आणि कुंपणात बदकं. वाफे इतके सरळ की दोरी लावून आखल्यासारखे. कल्याणच्या बाजारातला निम्मा मुळा आणि कोबी याच माणसाच्या हातचा, असं रघोजींनी वाटेत सांगितलं होतं.

बाबा वाफ्यातून उठून आले. सुकलेले, वाकलेले, पण डोळे तरतरीत. इतकी वर्षं बायकोबरोबर काढल्यामुळं बोलायचे तिच्यासारखंच.

“आफूकचा पोर काय रं? तो वरती डोंगरान गेला न् मी आलू. आमची जहाजां येगली. मी त्याला कवा बगला नाय.” आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडेचनात.

बायकोचं नाव जानूबाई. दणकट, मोठ्या आवाजाची. तिनं घोंगडी घातली, मग मुलगी पाणी घेऊन आली. आवडी तिचं नाव.

आता हे कसं लिहावं ते मला कळत नाही. मी आरशाशिवाय आजवर माझे डोळे कुठं पाहिले नव्हते. वडिलांचे आठवत नाहीत. पेठेत, शाळेत, बाजारात सगळ्यांचे डोळे एक प्रकारचे आणि माझेच वेगळे. त्या दिवशी समोर तांब्या धरून उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडावर माझे डोळे होते. तिलाही तसंच काहीसं वाटलं असावं, कारण पाणी द्यायचं सोडून ती बघतच राहिली.

रघोजी हसले. “जोडा कसला, भावंडंच जनू!”

सगळे हसले. मीही हसलो.

जेवण झालं. भात, खाडीतल्या कोळंबीचं कालवण, बदकाची अंडी. जानूबाई आग्रह करकरून वाढत होती. जेवताना आवडीनं दाराआडून विचारलं, “तुमचे थय थंडी लय परते म्हंतान?” मी म्हटलं, पडते, पण शेकोटीला लाकूड भरपूर आहे. “मंग भागंल,” ती म्हणाली. एवढंच आमचं बोलणं झालं, पण माझ्या मनानं तेवढ्यात तिला घाट चढवून घरी आणलीसुद्धा. माघातला मुहूर्त धरू असं रघोजी म्हणाले. बाबा मान डोलावत होते. मी इतका सुखात आयुष्यात कधी नव्हतो, हे मी आज सरळ लिहितो.

मग मी टोपली पुढं ठेवली. जानूबाईनं खण, गूळ, खोबरं काढून घेतलं. बाबांनी रिकामी टोपली हातात घेतली. वीण बघितली, कड दाबून बघितली, कसबी माणूस बघतो तशी. आणि तळ बघायला उलटी केली.

ते टोपली दाराशी उजेडात घेऊन गेले.

“ह्यो कुनी केला?”

“वडिलांनी. आमची खूण आहे ती. दोन झाडं.”

“बापानं कई गोष्ट सांगलेली काय तुला? झारांची?”

वडिलांनी मला नाही, पण आईला सांगितली होती आणि आईनं मला झोपवताना. वनात बाळंत झालेल्या राणीची गोष्ट आपल्याकडेही आहे, त्यामुळं मला ती तीच वाटायची, फक्त आई तिच्यात काहीतरी घुसडते असं वाटे. मी सांगितली. एक क्रूर राजा होता. त्याचा प्रधान तोंडावर खरं बोलायचा. राजा म्हणाला, शहाण्याच्या काळजाला सात भोकं असतात म्हणे, तुझ्या काळजाला किती आहेत बघू. त्यानं प्रधानाची छाती फोडून काळीज काढलं. प्रधानाची बायको पोटुशी होती, ती रानात पळाली. दोन झाडांना धरून ती बाळंत झाली. मुलगा झाला.

“न् मंग?” बाबांनी विचारलं.

“मग आई झोपून जायची. पुढची मला ठाऊक नाही.”

“मंग तो राजा मेला. नवा राजा आला. तो बोल्ला, ह्या पोराला बापाचा नाव नको, ह्यो रानानं राखला, ह्याचा नाव रान.” बाबांनी खूण बोटानं गिरवली, एक झाड, मग दुसरं. “लिम. लिम म्हंजे रान. दोन झारां काढली का लिम जाला. तुजा बाप लिम.”

ज्या आडनावासाठी आयुष्यभर मान खाली घातली, ते मी स्वतःच्या हातानं हजारो टोपल्यांवर डागत आलो होतो आणि मला वाचता येत नव्हतं.

बाबा रडत होते. हसतही होते. मग त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला.

“मी पन लिम.”

रघोजी म्हणाले, “मग तर झ्याकच!” घरचीच सोयरीक झाली असं त्यांना वाटलं असावं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. बाबांनी मात्र टोपली हळूच खाली ठेवली आणि त्यांचं हसू गेलं.

“लगीन नाय व्हनार,” ते म्हणाले. “लिमची पोर लिमला देत नाय. बहीन हाय ती तुजी.”

मी खूप बोललो. सभ्यपणे नाही बोललो. तुमचं गाव वेगळं, जहाज वेगळं, तुम्ही एकमेकांना पाहिलंही नाही. तो प्रधान मरून किती पिढ्या झाल्या कोण जाणे. माझी आई मेढ्याची, हिची आई कल्याणची, आम्हाला चीन कुठं आहे तेही ठाऊक नाही. आणि आम्हाला दुसरं कोण आहे? हिला कोण घेणार, मला कोण देणार?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “जमीन गेली. मायबाप गेले. शेंडी कापली. नाव पन त्यांनी आरधाच घेतला, पुरा कुनी इचारलाच नाय. म्हून तो वाचला. ता एकच माजेकरं हाय, सखाराम. त्या नावान मी बहीन-भाव लग्नाला लावू?”

जानूबाई आधी माझ्या बाजूनं उठली. नवऱ्याला वाटेल तसं बोलली. “पोर घरान म्हातारी व्हईल, मंग तुजा रान काय खायाला घालंल तिला?” बोलता बोलता ती थांबली, खाली बसली, आणि मग हळू म्हणाली, “पन एकाच कुलाची म्हनल्यावर आमचेत पन नाय करीत हो. आमचे देवाला पन चालनार नाय.”

तिनं असं म्हटलं आणि माझं बोलणं संपलं. चीनमधला कायदा मी झुगारून दिला असता. पण आपल्याकडे गावोगाव सोयरिकी सगोत्र म्हणून मोडतात, तेच हे होतं, आणि मला ते लहानपणापासून बरोबर वाटत आलं होतं. कूळ नाही म्हणून मला मुलगी मिळत नव्हती. कूळ मिळालं म्हणून मिळालेली मुलगी गेली. दैव देतं आणि कर्म नेतं असं म्हणतात. माझ्या बाबतीत दोघांनी एकाच दुपारी उरकलं.

त्या रात्री तिथंच राहिलो, कारण परतीची गाडी नव्हती. सकाळी बाबांनी आवडीला निरांजन लावायला सांगितलं. मी पाटावर बसलो, तिनं मला कुंकू लावलं आणि भावाला ओवाळतात तसं ओवाळलं. ताटात घालायला माझ्याजवळ आईच्या गळ्यातलं चांदीचं पदक होतं, ते घातलं. लग्नात तिला घालायचं म्हणूनच आणलेलं. बाबा म्हणाले, मला मुलगा नाही, माझ्या मातीला लिमचा हात लागला पाहिजे, तू ये. मी मान डोलावली. नाही म्हणायला हवं होतं असं मला कधी वाटतं आणि कधी वाटत नाही.

कुंपणापर्यंत आवडी सोडायला आली. बदकं पायात येत होती. ती खाली बघत म्हणाली, “दादा.” तो शब्द बापानं सांगितला म्हणून होता. मग वर बघून आपल्याच मनानं बोलली.

“तुमचे घरान दुसरी टोपली नव्हती काय?”

रघोजी पुढं चालायला लागले होते, त्यांच्या मागं गेलो.

परतीच्या वाटेविषयी सांगण्यासारखं एवढंच, की खंबाटकीत रात्रीचा प्रवास करू नये आणि वाईहून वर जाताना पसरणीला बैलांना विसावा द्यावा, नाहीतर ते बसतात. आमचे बसले. घाटात बसल्या बसल्या मी दोन्ही बाजूंचं रान बघत होतो. एका बाईला रानानं वाचवलं म्हणून ते नाव. त्या नावानं दुसऱ्या कुणाला वाचवल्याचं मला तरी ठाऊक नाही.

दारात आईनं तोंड बघूनच ओळखलं. तरी विचारलं, “खूण बघितली त्यांनी?”

“बघितली. ओळखलं त्यांनी.”

मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, इतकी वर्षं संसार केला पण त्यांनी आडनाव कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, मला वाटलं गुन्हेगार माणूस, लपवत असेल. मग म्हणाली, टोपली मीच काढून दिली रे. हे ती अजून म्हणते. मी तिला बोल लावत नाही. तिनं चांगल्या मनानं दिली होती आणि तिनं सांगितलेलं खरंच झालं होतं.

मला आता आडनाव आहे. सखाराम लिम. ते कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर सांगितल्यावर पुढं कुणी काही म्हणत नाही. माझ्यानंतर ते चालवायला कुणी नाही. लग्नाची बोलणी मी पुन्हा केली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात रघोजींचा निरोप आला, आवडीचं लग्न ठरलं. ठाण्याच्या खाडीकडचा एक ख्रिस्ती मिठागरवाला, बिजवर, तिच्याहून बराच मोठा, पहिल्या घरची मुलं आहेत. तिच्या डोक्यावर पाणी घालून नवं नाव ठेवलं. म्हणजे आवडी आणि लिम, दोन्ही नावं गेली. भाऊ म्हणून मला बोलावलं होतं. मी गेलो नाही.

भेट म्हणून टोपली विणली. वडिलांच्या टोपलीसारखीच, तेवढीच, चांगला वेत निवडून. सळई तापवली, तळाची पट्टी वर केली, आणि सळई निवेपर्यंत तशीच हातात धरून बसलो. मग आतमध्ये गूळ आणि खोबरं घालून ती खाली जाणाऱ्या गाडीवर दिली. आमच्या घरातून बिनखुणेची बाहेर पडलेली ती एकच टोपली.